तापीच्या कोरड्या पात्रातली जीवघेणी शर्यत: मार्ग, गाड्या आणि भुतं (मदत हवी आहे)

पाटचारी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दोन वर्षांपासून एक दीर्घकथा लिहितोय आणि आता अशा जागी अडलोय की एकट्याने पुढे सरकत नाही. म्हणून हा धागा.

गोष्ट अजून साठ-सत्तर वर्षांनंतरच्या खानदेशातली आहे. तापी आटलीय. हतनूरचे ४१ दरवाजे गंजून उघडेच अडकलेत आणि धरणाच्या पोटात नुसता भेगाळलेला गाळ. रावेर-यावलच्या केळीबागा गेल्या, भुसावळचं यार्ड रिकामं पडलं. काठावरच्या सात गावांत तेवढी माणसं उरलीत. दर वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चांगदेवच्या संगमावरून सात गाड्या सुटतात आणि नदीच्या पात्रातून, काठच्या घळींमधून मावळतीकडे प्रकाशाला जातात. तापी महाराष्ट्रात २२८ किलोमीटर वाहते, त्यातला बहुतेक पट्टा या शर्यतीत येतो. जी गाडी पहिली पोचेल तिच्या गावाला प्रकाशाच्या एकुलत्या एक जिवंत झऱ्याचं वर्षभराचं पाणी. मधल्या ओसाड मुलखात माणसांच्या जागी जे राहायला आलंय, ते गाड्यांची वाट बघत असतं.

ही गोष्ट डोक्यात कुठून आली तेही सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मे महिना, काकांच्या जीपमधून चोपड्याहून यावलकडे निघालो होतो. दुपारी तीनच्या सुमारास मावळतीकडे आभाळ तांबूस झालं. काका म्हणाले, "काच वर कर, वावधन येऊ राहिलं." पुढच्या दोन मिनिटांत समोरचं बॉनेट दिसेनासं झालं. दिवसाढवळ्या दिवे लावले तर उजेड धुरळ्यातच अडकून पडला. बंपरला बांधलेली पाण्याची छागळ हेलकावे घेत लोखंडावर आपटत होती, तो आवाज अजून कानात आहे. कुठूनतरी निंबाची फांदी येऊन टपावर पडली. काका हळूहळू गाडी पुढे घेत राहिले, कारण मागून एखादा केळीचा ट्रक येऊन धडकेल ही भीती. धुरळा बसला तेव्हा आम्ही रस्त्यावर नव्हतोच. गाडी शेताच्या बांधावर उभी होती आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर जमीन संपून खाली घळ सुरू होत होती. काका उतरले, काठावर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटत राहिलं की त्या धुरळ्यात कुणीतरी आमचं स्टिअरिंग धरलं होतं.

आता अडचण. पहिल्या खर्ड्यात मी हडळ, खवीस, वेताळ, डाकिणी असे सगळे आणलेत, आणि सातपुड्यातून उतरणारी माणसं खाणारी एक टोळीही. वाचताना हे सगळं उसनं वाटतं. माझ्या काकांना त्या बांधावर जे वाटलं, ते यात कुठेच नाही. खानदेशच्या मातीतलं भय कसं असेल? गाड्या कुठल्या टिकतील? मार्गात काय चुकतंय? मोकळेपणाने सांगा.

केळीबाग

वाचताना अंगावर काटा आला. वावधनाचं बरोबर लिहिलंय. आमची घडावर आलेली बाग एका संध्याकाळी वीस मिनिटांत आडवी झालेली पाहिलीय. झाडं मोडताना आवाज येतो तो लाकूड मोडल्यासारखा नसतो, ओला फडका फाटावा तसा असतो. पुढे सविस्तर लिहितो.

काळीपिवळी

पाटचारी भाऊ, मी अठरा वर्षं शहादा-धडगाव लाइनवर जीप चालवली. भुतांचं तुम्ही बघा, गाड्यांचं मी सांगतो.

पेट्रोलची जुनी कार्बोरेटरवाली गाडी शर्यतीत ठेवू नका. ४७ डिग्रीत पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होते, पंप नुसता हवा ओढतो आणि गाडी बंद. पूर्वी आम्ही पंपावर ओलं फडकं गुंडाळायचो, दर दहा किलोमीटरला त्यावर पाणी मारायचो. तुमच्या गोष्टीत पाणी प्यायलाच नाही, तर पंपाला कोण घालेल? डिझेलच घ्या. आणि एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा, खाली तेलाची वाटी असलेला. कागदी फिल्टर काळ्या मातीच्या धुरळ्यात एका दिवसात गच्च होतो. तेलाची वाटी उपसून, पुसून, नवं तेल घालून परत लावता येते.

दुसरं, पात्रातली वाळू. टायरात पूर्ण हवा ठेवून वाळूत घुसलात की चाक स्वतःची कबर खोदतं. हवा निम्म्यावर आणायची म्हणजे टायर पसरतो आणि गाडी तरंगते. पण तीच गाडी पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांवर आणली की कमी हवेचा टायर कडेने फाटतो. म्हणजे प्रत्येक वेळी उतरून हवा सोडा, परत हातपंपाने भरा. भर ओसाडीत, गाडीबाहेर, गुडघ्यावर बसून. भुताला ह्याच्याहून चांगली वेळ कुठली मिळेल?

कमानपाटा तुटणार हे धरूनच चाला. आम्ही तुटलेल्या पाट्याला बाभळीचा दांडका आवळून बांधायचो आणि घाट उतरायचो. टोचन करायला मागे कुणी नसेल तर हाच उपाय.

जुनी दप्तरं

धागाकर्ते, तुम्ही भविष्यात जे बघताय ते खानदेशाने एकदा भोगलंय. १८०२ च्या सुमारास यशवंतराव होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजा इथून फिरल्या, आणि लगेच १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्यावर पेंढाऱ्यांच्या धाडी. गावंच्या गावं उठली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्या काळाबद्दल वाचा: पिकाच्या जमिनीवर रान वाढलं आणि वाघ माणसांना आणि गुरांना उचलून नेऊ लागले. १८१८ मध्ये थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी कत्तल केली. पुढे १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, त्याची शिकारीची हौस तर प्रसिद्धच आहे.

मी हे का सांगतोय? ओसाडी आधी येते, जनावर मागून येतं. माणूस गेला की त्याची जागा कुणीतरी घेतं. तुमच्या शर्यतीतली गाडी थाळनेरवरून जाणारच आहे. तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी अजून उभ्या आहेत. रात्री हेडलाइटचा झोत त्या घुमटांवर पडला की काय दिसेल, एवढ्यावर एक प्रकरण होतं. त्यासाठी वेताळ आणायची गरज नाही.

मांडे खापरावरचे

भाऊ, तुन्ही गोष्ट भारी शे. पन एक सांगस. आखाजीले लेकी माहेरले येतस, निंबले झोका बांधतस. त्याच दिन तू गाड्या सोडस, मंग त्या पोरीस्नं काय? त्या झोकावर बशीसन गाड्या जातांना देखतस का? त्यास्नी बाजू बी लिख.

अक्राणीवाली

मी नंदुरबार जिल्ह्यात काम करते. तुमच्या खर्ड्यातल्या दोन गोष्टींबद्दल बोलायचंय, आणि राग न धरता वाचाल अशी आशा आहे.

डाकीण. हा शब्द तुमच्यासाठी एक भूत आहे. आमच्या पाड्यांवर ते एका बाईला लावलेलं नाव असतं. कुणाचं मूल तापाने गेलं, कुणाची म्हैस आटली की भगताला विचारलं जातं, आणि तो एखाद्या विधवेकडे बोट दाखवतो. बहुतेक वेळा तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग मारहाण होते, गाव सोडायला लावतात, जीवही जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात डाकीण ठरवून छळणं हा गुन्हा आहे, पण पाड्यावरून पोलीस ठाण्यापर्यंत पोचायलाच तिला दिवस लागतो. अशा एका बाईला मी दवाखान्यात भेटले होते. हाताला पट्टी होती. तिने मला एकच विचारलं, "माझ्या कोंबड्यांना कोण दाणे घालत असेल?" तुमच्या कथेत डाकीण गाडीच्या काचेवर नखं घासत येईल आणि वाचणारा पोरगा घाबरेल. तो पोरगा उद्या पाड्यावर गेला तर त्याच्या मनात कुणाचा चेहरा येईल?

दुसरी ती सातपुड्यातून उतरणारी माणसं खाणारी टोळी. सातपुड्यात कोण राहतं हे खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. पावरा आणि भिल्ल माणसांना राक्षस म्हणून लिहिण्याची सवय फार जुनी आहे, आणि ती मोडायला तुमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचीच मदत लागते. नदी आटली तर कुठलं कंदमूळ खाता येतं, कुठल्या दगडाखाली पाणी थांबतं, हे त्यांनाच माहीत असेल. तुमच्या ओसाडीत शेवटपर्यंत टिकतील ती हीच माणसं.

पाटचारी

अक्राणीवाली ताई, राग कसला. दुपारपासून तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. कोंबड्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही. टोळी काढली. डाकीण भूत म्हणून काढली.

केळीबाग

आता सविस्तर. माझं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथला चमत्कार असा की डोंगरावरून पाण्याचे लोंढे येतात आणि पायथ्याच्या गोट्या-रेतीत शिरून गुडूप होतात. पुलाखालून लाल पाणी धावताना दिसतं, पुढे दोन-तीन किलोमीटरवर तोच नाला कोरडा. हे पाणी जमिनीखाली उतरतं आणि त्यावरच आमच्या केळ्या जगल्या. आम्ही ते उपसत गेलो. आजोबांची विहीर आटली, वडिलांनी बोअर केला, तो आटला, मी त्याच्या दुप्पट खोल गेलो. शिवारात आज किती मेलेले बोअर उघडे पडलेत ते मोजायची हिंमत होत नाही. काहींवर गोणपाट टाकलेलं असतं, काहींवर तेही नाही.

आता तुमच्या काळात या. केळी नाही, माणूस नाही, फक्त हजारो भोकं. रात्री वारा सुटला की बोअरच्या तोंडातून हूं हूं असा आवाज येतो. मी स्वतः ऐकलाय, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. एका बोअरने सुरुवात केली की थोड्या वेळाने दुसरा बोलतो. तुमचं भूत तिथे आहे, पाटचारी. जमिनीखालचं पाणी आम्ही ओढून घेतलं, आणि आता जमीन वरचं ओढून घेतेय. गाडी वरून गेली की भेग रुंदावते. मला हे लिहितानाही बरं वाटत नाही, कारण त्यातली काही भोकं माझी आहेत.

रोडबुक

मोटार रॅलीचा मी जुना वेडा. पाटचारींच्या काकांचा प्रसंग वाचून १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत आठवली. त्या रस्त्यांवर डांबर नव्हतं. पहिल्याच दिवशी धुरळ्याचे एवढे लोट उठले की मागच्या ड्रायव्हरला रस्त्याचं वळण कळेना. कारखानदार रेनो भावांतला मार्सेल रेनो त्यातच गेला, रस्त्याकडेचे बघेही मेले, आणि बोर्दोला शर्यत थांबवावी लागली. माद्रिदला कुणी पोचलंच नाही. तेव्हा धुरळा हाच राक्षस होता.

डकार रॅलीचा जन्मही रस्ता चुकण्यातून झाला. तिएरी साबीन अबिजान-नीस शर्यतीत वाळवंटात मोटारसायकलसह हरवला, मरता मरता वाचला, आणि त्याने ठरवलं की लोकांना इथे आणायचं. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली रॅली सुटली. तो स्वतः १४ जानेवारी १९८६ ला मालीत, रॅली चालू असतानाच, हेलिकॉप्टर पडून गेला.

तुमच्या कामाचा किस्सा १९८२ चा. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क, त्याची सहचालक आणि एक मेकॅनिक सहाराच्या वाळवंटात बेपत्ता झाले. गाडी मोडली होती. सहा दिवसांनी ते अल्जीरियाच्या लष्करी विमानाला दिसले, गाडीजवळच. वाळवंटात हरवलेल्याला पहिला नियम शिकवतात तो हाच: गाडी सोडायची नाही, हलायचं नाही. चालत निघालेला माणूस वरून ठिपक्याएवढाही दिसत नाही.

मांडे खापरावरचे

रोडबुक भाऊ, हाई तर आमनी आजी चकवानं सांगे तेच शे! चकवा लागना का मानूस रातभर एकच वावरमा फिरत ऱ्हास. आजी म्हने, तठेच बशी जाय, उजाडू दे. चाली राह्यना तं मरी जासी.

पाटचारी

थांबा, हे फार मोठं सापडलंय.

शर्यतीतला चकवा! ज्या भुतावर एकच उतारा आहे, थांबणं, ते भूत अशा माणसांच्या वाटेत जिथे थांबणं म्हणजे गाव तहानेने मारणं. प्रत्येक ड्रायव्हरला उतारा माहीत आहे. लहानपणी प्रत्येकाच्या आजीने सांगितलाय. तरीही त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघत नाही, कारण मागच्या गाडीचा आवाज येतोय. आणि तो आवाज खरा आहे की घळीने परत फेकलेला स्वतःच्याच गाडीचा, हे त्याला कळत नाही. माझ्या काकांनी त्या दिवशी नेमकं हेच केलं. मागून ट्रक येईल म्हणून ते चालत राहिले. ट्रक नव्हताच.

जुनी दप्तरं

मग बारागाड्यांचंही बघा. आमच्या जत्रेत बारा बैलगाड्या एकीला एक बांधून, त्यात माणसं भरून, भगत कमरेला दोर लावून ओढतो. त्याच्या दोन्ही अंगांना जे चालतात त्यांना बगले म्हणतात. एकदा गाड्या उताराला लागल्या की थांबत नाहीत. चाकाखाली माणसं गेल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. तुमच्या शर्यतीत ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला बगलाच म्हणा. दुसरा शब्द शोधूच नका.

तिखी

मी दोंडाईचाची, आता सत्तरीला आले. एरवी फक्त वाचते. एक आठवण देते, कामाची वाटली तर घ्या.

पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा काढायचे. माझ्या सासूबाईंनी तो पाहिला होता. छोटासा लाकडी गाडा, त्यात हिरव्या बांगड्या, लिंबू, हळदकुंकू, खणाचा तुकडा. गावाने तो ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडून यायचं. परत येताना मागे वळून बघायचं नाही. पुढच्या गावाने तो त्याच्या शिवेपर्यंत न्यायचा. रोग असा गावोगाव ढकलला जायचा. सासूबाई सांगायच्या, गाडा सोडून आल्यावर गावाला शांत झोप लागायची. पलीकडच्या गावात त्या रात्री कुणी झोपत नसे.

तुमच्या सात गाड्या सुटतात तेव्हा त्या परत याव्यात असं गावांना खरंच वाटतं का, एवढं बघा.

अक्राणीवाली

तिखी आजी, तुमच्या शेवटच्या ओळीने मला हलवलं. गाव ज्यांना बाहेर काढू बघतं त्यांनाच तर गाडीत बसवत असणार. कर्जात बुडालेला, वेडसर ठरवलेला, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलेला पोरगा. आणि ती बाई. पाटचारी, डाकीण काढून टाकू नका, तिला गाडी द्या.

पाटचारी

दहा दिवस इथे आलो नाही. शेतात होतो आणि रात्री लिहीत होतो. पहिला खर्डा पूर्ण बाजूला ठेवला. पाण्याचं बक्षीस आहे, पण ते गावाने सांगायचं कारण आहे. सुटण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक गाव आपल्या गाडीच्या बंपरला हिरव्या बांगड्या बांधतं आणि पाठ फिरवून घरी जातं. झोक्यावरच्या पोरी तेवढ्या बघतात. राक्षस दोनच ठेवलेत, बोअर आणि चकवा. सातव्या गाडीत डाकीण ठरवलेली बाई आहे, तिचा बगला धडगावकडचा तेरा वर्षांचा पोरगा. त्याला पाण्याच्या जागा माहीत आहेत.

मुडावदच्या अलीकडचा एक तुकडा देतो. पांझरा येऊन मिळते ती जागा:

"कपिलेश्वराचं शिखर तिसऱ्यांदा उजव्या हाताला आलं तेव्हा तिने पोराकडे बघितलं. तो मघापासून गप्प होता. मागे इंजिनाचा आवाज वाढत होता, दिवे मात्र कुठेच नव्हते. घळीच्या भिंती पहिल्यापेक्षा जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. तिच्या आईने सांगितलं होतं, तिच्या आजीने सांगितलं होतं. बंपरवरच्या बांगड्या किणकिणल्या. गावात शेवटच्या दिवशी तिला पळता पळता दम लागला होता आणि ती थांबली होती, तेव्हा दगड सुरू झाले होते. तिने पाय ब्रेकवर ठेवला. 'बसायचं?' पोराने विचारलं. 'उजाडेपर्यंत,' ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली. मागचा आवाज त्यांच्या अंगावर येऊन, गाडीतून आरपार जाऊन, पुढे निघून गेला."

कसं वाटतंय? विशेषतः काळीपिवळी भाऊ, तुमची नजर हवी.

काळीपिवळी

भाऊ, तीन वेळा वाचलं. आवाज आरपार जातो तिथे मी मोबाइल खाली ठेवला.

एकच दुरुस्ती. दिवसभर तापलेलं डिझेल इंजिन तिला एकदम बंद करू देऊ नका. ब्रेक मारल्यावर दोन-तीन मिनिटं ते जागेवर हळू चालू ठेवावं लागतं, पाणी फिरत राहतं, हेड थंड होतं, मगच किल्ली. नाहीतर सकाळी हेड गास्केट गेलेलं असेल आणि उजाडूनही ती तिथेच. म्हणजे तुमच्या बाईला इंजिन चालू ठेवून, गियर न टाकता, तो मागचा आवाज अंगावर येताना तीन मिनिटं ऐकत बसावं लागेल. आणि पोराला सांगा, छागळ बंपरवरून काढून आत घे. रात्री ती बाहेर राहिली तर सकाळपर्यंत तिच्यात काही उरणार नाही.